चार ताऱ्यांचं मॅग्नेशियम

ती गुंडाळी परदेशातून टपालाने आली, पण सरांनी ती तीन दिवस उघडलीच नाही. स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटात ती उभी करून ठेवलेली होती आणि मी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे बघून येत होते. चौथ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं, मोठ्या टेबलावरचे कप बाजूला केले आणि म्हणाले, "घाम नाही ना हाताला? धर ते टोक."

आत लांबच लांब कागद होता. त्यावर शाईची एकच रेघ, थोडं अंतर सरळ जाणारी, मग एकदम खाली बुडी मारून वर येणारी, पुन्हा सरळ, पुन्हा बुडी. अशा चार पट्ट्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एका ताऱ्याचा वर्णपट. ताऱ्याच्या प्रकाशातला ठरावीक रंग तिथल्या वायूतल्या अणूंनी गिळला की तिथे रेघ खाली जाते. खड्डा मोठा असेल तर त्या मूलद्रव्याचे अणू जास्त. हा खड्डा मॅग्नेशियमचा, तो कॅल्शियमचा, आणि शेकड्यांनी लोखंडाचे.

ते चार तारे आपल्या आकाशगंगेतले नव्हते. तिच्या भोवती फिरणाऱ्या एका बटू दीर्घिकेतले होते. बटू म्हणजे खरोखरच खुजी. आपल्या आकाशगंगेत जिथे अब्जावधी तारे, तिथे तिच्यात त्यांतला नखाएवढा वाटा. सरांचा एक जुना विद्यार्थी परदेशात वेधशाळेत होता. नव्या यंत्राची चाचणी घेताना त्याने हे चार तारे घेतले होते. वेधशाळेच्या दृष्टीने ते वर्णपट फार चांगले नव्हते, म्हणून बाजूला पडले होते. सरांनी मागितले आणि त्याने पाठवून दिले. त्याने चुंबकीय फीतही देऊ केली होती. ती वाचायचं यंत्र आमच्या ठाण्याच्या कॉलेजात नव्हतं, म्हणून कागद.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माझी पीएच.डी.ची नोंदणी त्यांच्याकडे होती, आणि या विषयाला दुसरा मार्गदर्शक आमच्या आवाक्यात कुणी नव्हता. म्हणजे ते निवृत्त व्हायच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर संपलं. मी त्याच कॉलेजात एका बाईंच्या रजेच्या जागेवर शिकवत होते. प्रबंध झाला असता तर तिथे कायम होण्याची आशा होती. माझ्या सगळ्या आयुष्याचा भार त्या कागदावर होता असं म्हटलं तर ते वाढवून सांगणं होणार नाही.

आमचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. वडिलांची होडी होती, पण माझ्या लहानपणीच खाडीत मासळी उरली नव्हती. मग आई सुकी मासळी विकू लागली. वसईकडून माल यायचा. ती खोपटच्या डेपोतून एसटीने कल्याणला जायची आणि तिथल्या बाजारात सुकट, बोंबील, वाकट्या घेऊन बसायची. तिला सही येत नव्हती. मी महापालिकेच्या शाळेत शिकले, आणि पदवीला पोचणारी आमच्या सगळ्या गोतावळ्यातली मीच पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडायला निघाले होते, तेव्हा सरांनीच अर्ज भरून फी माफ करून आणली. वर त्याबद्दल पुन्हा कधी शब्दही काढला नाही. त्यांचं ते न बोलणं मला जास्त बांधून ठेवायचं.

आता मोजायचं कसं, हा प्रश्न होता. खड्ड्याचं क्षेत्रफळ काढायला हवं. क्षेत्रफळ मोजण्याचं एक जुनं उपकरण भौतिकशास्त्र विभागात होतं, पण त्याचं चाक कधीचंच झिजलेलं. चौकटी मोजून बघितल्या, तर एका ताऱ्यालाच महिना गेला असता. तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक मदतीला आले. ते आधी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते.

"कापा आणि वजन करा," ते म्हणाले.

"काय कापा?" सर.

"कागद हो. आम्ही कारखान्यात आलेखावरचे उंचवटे असेच कात्रीने कापून काढायचो आणि तराजूत टाकायचो. कागद सगळीकडे सारखा जाड. म्हणजे जितकं वजन तितकं क्षेत्रफळ. दहा सेंटीमीटरचा एक चौकोन कापून त्याचं वजन आधी घ्यायचं, की झालं तुमचं प्रमाण."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, ताऱ्यांचं काम शेवटी शिवणाच्या कात्रीवर आलं."

मूळ कागद कापायचा नाही हे ठरलेलंच होतं. कोर्टाजवळच्या दुकानातून मी त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या, सगळ्या एकाच रिमवर. रेशीमकामाची बारीक कात्री घेतली. दुपारी तीननंतर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी व्हायची. तिथल्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर मी काम करायचे. चिमट्याने तुकडा उचलायचा, पारड्यात ठेवायचा, पेटीचं दार लावायचं, श्वास रोखून काटा थांबेपर्यंत बघत राहायचं. मग वहीत तारीख, रेषेचं, म्हणजे त्या खड्ड्याचं नाव, वजन. सर दर आठवड्याला वही तपासायचे आणि प्रत्येक पानाखाली सही करायचे. वहीच्या पहिल्या पानावर मी त्या प्रमाण चौकोनाचं वजन लाल शाईने लिहिलं होतं. चौकोन तिथेच आत ठेवलेला होता.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या रेषा थोड्या होत्या. त्या जानेवारी-फेब्रुवारीत कापून झाल्या. मग परीक्षा आल्या, पर्यवेक्षण, पेपर तपासणं. लोखंडाच्या रेषा पुष्कळ. त्या मी जूनअखेर हातात घेतल्या आणि ऑगस्टमध्ये संपवल्या.

हे दोन्ही का मोजायचं, तेही सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मॅग्नेशियम फार मोठ्या ताऱ्यांत तयार होतं. ते तारे थोडंच जगतात, फुटतात, आणि आपलं मॅग्नेशियम लगेच आसपास उधळून टाकतात. लोखंडाचा बराचसा भाग मात्र दुसऱ्या वाटेने येतो, लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या स्फोटातून, आणि त्याला फार वेळ लागतो. एखाद्या दीर्घिकेने आपले तारे भराभर घडवले असतील, तर लोखंड यायच्या आतच बहुतेक तारे जन्मून गेलेले असतात. त्यांच्यात लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त सापडतं. आपल्या आकाशगंगेतले जुने तारे तसे आहेत. पण जी दीर्घिका सावकाश, रेंगाळत तारे घडवते, तिथे लोखंड मागून येऊन गाठतं. मॅग्नेशियमचं प्रमाण घसरतं. दोन वजनांच्या भागाकारातून एका अख्ख्या दीर्घिकेचा स्वभाव कळतो. सरांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी घरी जाताना उतरायच्या ठिकाणाच्या दोन थांबे पुढे गेले होते.

आमचा भागाकार ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. चारही ताऱ्यांत, लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम आकाशगंगेतल्या तशाच ताऱ्यांपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी. कॅल्शियमही तसंच. बटू दीर्घिकेतल्या ताऱ्यांविषयी असं कुणी ठामपणे सांगितल्याचं आमच्या वाचनात नव्हतं. सरांनी तीनदा आकडे तपासले. मग बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. मी त्यांना कधी काही विकत आणताना बघितलंच नव्हतं.

"मॅग्नेशियम कमी आहे!" त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं.

"कुणाचं, तुमचं? केळी खा रोज," रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले.

"तुमच्या अख्ख्या विभागाला जमलं नाही ते या मुलीने कात्रीने काढलं."

"आमचा तराजू होता, विसरू नका. आभारात नाव घाला."

सरांनी त्याच आठवड्यात परदेशातल्या त्या विद्यार्थ्याला एक छोटा लेख लिहून पाठवला. उत्तर आलं की उत्तम आहे, नियतकालिकाकडे पाठवतो. सर एकतीस वर्षं शिकवत होते. त्यांच्या नावावर काहीच छापून आलेलं नव्हतं. पत्र आल्यावर त्यांनी ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे असताना ते खिशातली डबी चाचपायचे, हे मी दारातून बघितलंय.

गणपतीच्या सुट्टीत मी तुकड्यांची पाकिटं घरी आणली. प्रबंधाच्या परिशिष्टासाठी त्यांच्यावर नीट क्रमांक घालायचे होते. आई त्या दिवशी बाजारात गेली नव्हती. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"काय गो, कागद कापून कापून घर भरलंस. याचं करतंस काय?"

"वजन करते."

"कागदाचं?"

"कागदाचं नाही गं. ताऱ्यातल्या लोखंडाचं."

"बाय माझे! मंग काय भाव चाललाय वर लोखंडाचा?" ती हसली. मग तिने एक तुकडा उचलला आणि अंगठा नि बोटात चोळून बघितला. सुकट घेताना ती तसंच बघायची.

"हात नको लावू, आई. मळेल."

"ओला हाय ह्यो."

"ओला कसा असेल? पाकिटात होता. पाणी नाही लागलेलं त्याला."

"सुकट पन पिशवीतच असतंय. पानी कवा लागतं त्याला? पावसाल्यान सगला आपसूक पितो." तिने तुकडा परत ठेवला आणि हसत म्हणाली, "पावसाची मूठ टाकलीस का नाय?"

पावसाची मूठ काय हे कोळीवाड्याबाहेर कुणाला माहीत नसेल. पावसाळ्यात सुकी मासळी हवेतला दमटपणा ओढते आणि वजनाला जड होते. मार्चमध्ये किलोत जितका जवळा चढतो, तितका श्रावणात चढत नाही. आमच्याकडच्या बायका त्यावर एक रीत पाळत. पावसाचे चार महिने वजन झालं, काटा बरोबर आला, की वरून एक मूठ आणखी टाकायची. गिऱ्हाईकाला मागावं लागत नसे. ती मूठ मी लहानपणी माझ्या हाताने कितीतरी जणींच्या पिशवीत टाकलेली आहे.

मी आईबरोबर हसले. पुढे पाच-सात पाकिटांवर क्रमांकही घातले. मग माझा हात थांबला.

सुट्टी संपल्यावर मी दुपारी तीनला प्रयोगशाळेत गेले. वहीतून तो प्रमाण चौकोन काढला आणि तराजूत ठेवला. लाल शाईतला आकडा जानेवारीतला होता. आत्ताचं वजन त्याहून जास्त भरलं. मी तो काढला, पारडी पुसली, पुन्हा ठेवला. पुन्हा तेवढंच. शंभराला सहा जास्त. पेटीच्या कोपऱ्यात ओलावा शोषणारे खडे एका बशीत ठेवलेले असतात. कोरडे असताना ते निळे असतात. ते गुलाबी पडलेले होते. मी दोन महिने रोज त्या बशीशेजारी बसून काम केलं होतं.

सहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण आमचे वर्णपट अंधूक होते, म्हणून आम्ही लोखंडाच्या ठळक, खोल रेषाच घेतल्या होत्या. अशी रेषा अगोदरच भरून गेलेली असते. तिच्यात अणू कितीही वाढले तरी क्षेत्रफळ जेमतेम वाढतं. उलटीकडून बघितलं तर क्षेत्रफळात थोडी चूक झाली की अणूंच्या संख्येत मोठी होते. मी तिथेच बसून हिशोब केला. लोखंड आम्ही चौथ्या हिश्श्याने जास्त मोजलं होतं. मॅग्नेशियम कोरड्या दिवसांत मोजलं होतं, लोखंड ओल्या. आमच्या शोधाचा बराच भाग ठाण्याची हवा होती.

सर वर्तकनगरमध्ये एकटे राहायचे. मी गेले तेव्हा ते उत्तरपत्रिका तपासत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आईचं बोलणंही सांगितलं. त्यांनी हातातल्या उत्तरपत्रिकेची बेरीज पुरी केली, वर गुण लिहिले, आणि मग विचारलं, "किती उरतं?"

"नीट सांगता येणार नाही, सर. सहावा हिस्सा, कदाचित. पण चार ताऱ्यांत आपापसातच त्याहून जास्त फरक आहे."

"म्हणजे काही नाही."

"म्हणजे सांगता येत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "आईला ते दाखवलं नसतंस तर बरं झालं असतं." ते हसत होते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. "अरे देवा. कारखान्यात आमच्या खोलीला एसी होता. आणि नमुना नि प्रमाण आम्ही एकाच बैठकीत कापायचो. तुम्ही सहा महिने लावाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण सर, एक विचारू? हे कळलंय कुणाला? आपण तिघं. परीक्षक बाहेरचा येणार. त्याला काय माहीत आपल्याकडे कागद पाणी पितो म्हणून?"

"तिघं नाही, चौघं," सर म्हणाले. "हिची आई."

"त्या काय विद्यापीठाला पत्र लिहिणार आहेत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तू ठरव. तुझा प्रबंध आहे. तू म्हणशील तिथे मी सही करीन."

मला वाटलं होतं की ते म्हणतील, पुन्हा मोजू. ते म्हणाले नाहीत. मला आता कळतं की त्यांच्याकडून ते म्हणवतच नव्हतं. आणि मीही लगेच काही म्हटलं नाही. अकरा दिवस मी गप्प राहिले, हे इथे लिहायला हवं. त्या अकरा दिवसांत मी एक नवीन वही आणली आणि जुन्या वहीतले आकडे तिच्यात उतरवायला बसले, तारखा बदलून. सगळ्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीच्या. पाच पानं लिहून झाली. अक्षर माझं, आकडे माझे, सगळं नीट दिसत होतं. पण प्रत्येक पानाखाली सरांची सही लागणार होती. ती वही त्यांच्यासमोर ठेवली असती तर त्यांनी काही न विचारता सही केली असती, याची मला खात्री होती. माझ्याकडून ते झालं नाही. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. फी माफीच्या अर्जावरची त्यांची सही माझ्या नजरेसमोर होती, बस.

मी ती पाच पानं फाडली आणि सरांना म्हटलं, पुन्हा मोजू या.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी घट्ट झाकणाचं काचेचं भांडं दिलं, खडे भाजून निळे करून दिले. आम्ही तुकडे त्यात दोन-दोन दिवस कोरडे करायचो आणि एकेक काढून पटकन वजन करायचो. सर स्वतः चिमटा धरायचे.  काही तुकड्यांच्या कडा हाताळून झिजल्या होत्या. एका पाकिटाला कसर लागली होती, त्यातले लोखंडाचे नऊ तुकडे गेले. नव्या झेरॉक्स काढून नव्याने कापले, तर तेच खड्डे थोडे वेगळे कापले गेले. आधी कधी तपासलं नव्हतं, आता कळलं की माझ्या कात्रीचीही एक चूक होती, ओलाव्याइतकी नाही, पण होती. डिसेंबरअखेर आम्ही पुन्हा भागाकार केला. मॅग्नेशियम थोडं कमी होतं. मोजण्यातली चूक त्याहून मोठी होती. यापुढे त्या कागदातून काही निघणार नव्हतं. जे होतं ते कागदावर येण्याआधीच अंधूक होतं.

लेख मागे घेत असल्याचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं. चार ओळींचं. कारण त्यांनी साध्या शब्दांत दिलं, त्यात माझं नाव कुठे घातलं नाही. पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं आणि मी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्या विद्यार्थ्याचं उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. कुणीतरी भाषणात म्हणालं की सरांनी ताऱ्यांपर्यंत झेप घेतली, आणि सर खाली बघत राहिले. नोंदणी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे वळवून मिळावी म्हणून मी दोन ठिकाणी अर्ज केले. मुंबईतल्या एका प्राध्यापकांनी भेटायला बोलावलं, माझी वही चाळली आणि सौम्यपणे म्हणाले, "कष्ट खूप केलेत हो. पण हे असं आता कुणी मोजत नाही." नोंदणी संपली. जूनमध्ये रजेवरच्या बाई परत आल्या आणि माझी जागाही संपली. मला डोंबिवलीत एका शाळेत नोकरी मिळाली. नववीला विज्ञान. आम्ही तिकडेच राहायला गेलो. आईला कल्याणचा बाजार जवळ पडू लागला, एवढं त्यातलं चांगलं.

काही वर्षं गेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. डोंबिवलीच्या ग्रंथालयात मी शाळेच्या प्रदर्शनासाठी इंग्रजी विज्ञान मासिकं चाळत होते. एकात बटू दीर्घिकांवर लेख होता. आता मोठ्या दुर्बिणी आल्या होत्या. त्यांनी त्या दीर्घिकांतल्या एकेका ताऱ्याचा वर्णपट स्वच्छ घेतला होता. तिथल्या ताऱ्यांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी आढळतं, असं त्यात होतं. किती, तेही होतं. मी तो आकडा परत परत वाचला. जवळजवळ तिसरा हिस्सा.

मी त्या पानांची झेरॉक्स काढली आणि रविवारी वर्तकनगरला गेले.

सरांना मोतीबिंदू झाला होता. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. "अगं, तू? बस, बस. शाळा कशी आहे?" मी म्हटलं, सर, एक वाचून दाखवायचंय. मी मराठीत सांगत सांगत वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"किती म्हणालीस?"

मी पुन्हा आकडा सांगितला.

"आणि आपला?"

"तेवढाच, सर. जवळजवळ."

"दुरुस्त करण्याआधीचा."

"हो."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. खाली कॉलनीतली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणाचा तरी कॅच सुटल्याचा ओरडा आला. सर म्हणाले, "म्हणजे ते पत्र पाठवलं नसतं, तर..."

बसमध्ये येताना मी याचंच उत्तर तयार केलं होतं. "सर, आपण ते मोजलं नव्हतं. आपण दमटपणा मोजला होता. आकडा जुळला तो योगायोगाने."

"ते कळतं मला." इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा कडक बोलले. "मी तुला शिकवलंय ते."

मी हातातली पानं सरळ केली.

"मग तू आज कशासाठी आलीस?"

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, की ते खरं होतं, ते मॅग्नेशियम तिथे खरोखरच कमी आहे. पण खरं तर त्यासाठी मी आले नव्हते. तू तेव्हा केलंस ते योग्य केलंस, असं कुणीतरी म्हणावं म्हणून आले होते, आणि ते म्हणू शकणारा एकच माणूस होता. तो माझ्यासमोर बसून उत्तराची वाट बघत होता. मला ते मागता आलं नाही. मी म्हटलं, "सहज, सर. तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून."

"बरं केलंस," ते म्हणाले, पण सवयीने. चहा ठेवू का म्हणाले, मी नको म्हटलं. निघताना मी ती पानं टेबलावर ठेवली, तर त्यांना कागदाचा आवाज ऐकू आला.

"ते घेऊन जा," ते म्हणाले. "मला आता वाचता येत नाही."